भिंतीतले अँपिअर आणि बॅटरीतले अँपिअर

इलेक्ट्रिक मोटारसायकलच्या चार्जरवर करंटचे दोन आकडे छापलेले असतात, इनपुट (भिंतीतून ओढलेला) आणि आउटपुट (बॅटरीला दिलेला). घरी चार्जिंगचा करंट कमी-जास्त करताना घोळ होतो तो इथेच. आउटपुट १० अँपिअर दिसले की ६ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जर चालणारच नाही असे वाटते. तसे नसते.

७२ व्होल्टची, एकापाठोपाठ २० सेल जोडलेली एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) लिथियम बॅटरी घ्या. ती ८४ व्होल्टला पूर्ण भरते. १० अँपिअरने भरताना शेवटी शेवटी ८४ × १० = ८४० वॉट लागतात. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर भिंतीतून साधारण ९३० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला ४ अँपिअर. आउटपुट १५ केले की भिंतीतला करंट ६.१ वर जातो आणि ६ अँपिअरचा सॉकेट अपुरा पडतो.

हा हिशेब पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटचा किती भाग खऱ्या कामाला येतो ते) सुधारणाऱ्या चार्जरचा झाला. स्वस्त चार्जरमध्ये ती सोय नसते. पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर १० अँपिअर आउटपुटलाही भिंतीतून ६.२ अँपिअर ओढले जातात. त्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर घसरले, तर वॉट तेवढेच ठेवण्यासाठी चार्जर आणखी करंट ओढतो. गावाकडे पिन नेमकी संध्याकाळीच तापते, त्याचे हे एक मोठे कारण.

म्हणून गणितावर न थांबता मोजा. क्लॅम्प मीटरचा (वायर न तोडता करंट मोजणाऱ्या मीटरचा) जबडा फक्त फेजच्या वायरभोवती लावायचा. अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. फेज सुटी करून देण्याचे काम वायरमनकडूनच करून घ्या. अर्ध्या तासाने चार्जर बंद करून पिन काढा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा सॉकेटचे भोक तपकिरी पडले असेल, तर आतली पट्टी बहुधा सैल झाली आहे. सॉकेट बदला. १६ अँपिअरची पिन ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर तर वापरूच नका. मागे १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद पडणारा स्विच) असेल, तर सॉकेट जळेल, पण एमसीबी पडणार नाही.

आता करंट नेमका कुठला बदलतो? टाइप-२ केबलच्या (गाडीत चार्जर असलेल्या वाहनाला जोडायच्या केबलच्या) डब्यावर ६, ८, १०, १६ असे आकडे असतील, तर ते भिंतीतले. केबल गाडीतल्या चार्जरला तेवढी मर्यादा कळवते. सुट्या चार्जरवरची चकती मात्र सहसा बॅटरीकडचा करंट ठरवते. साध्या तीन पिनच्या चार्जरला आपण कुठल्या सॉकेटात आहोत हे कळतच नाही.

बॅटरीच्या बाजूचे गणित सोपे आहे. वरची ७२ व्होल्टची बॅटरी ४० अँपिअर-तासाची असेल, तर तिला १० अँपिअर म्हणजे पाव सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या पाव करंट; तो सौम्य वेग आहे. कमाल किती चालेल हे बॅटरी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावरूनच ठरवा. गोठणबिंदूखाली लिथियम सेल चार्ज करू नयेत.

करंट कमी केल्याने बिल मात्र कमी होत नाही. ही बॅटरी रिकामी असेल तर सुमारे ३.२ युनिट लागतात, चार तासांत भरा की आठ. अॅपमधली ८० टक्क्यांची मर्यादाही वेगळीच गोष्ट: चार्जिंग कुठे थांबायचे ते ती सांगते, वायरमधला करंट तिने घटत नाही.