पिवळ्या रेघा आणि ७२ सेकंद

अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून निदान आणि औषध स्वतः ठरवणारी नर्स, व्हायचं तर नुसती पदव्युत्तर पदवी पुरत नाही, वर सर्टिफिकेशनची परीक्षाही द्यावी लागते. ती घेणाऱ्या दोन मोठ्या संस्थांपैकी एक म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स सर्टिफिकेशन बोर्ड. त्यांचा पेपर १५० प्रश्नांचा, वेळ तीन तास. भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात.

परीक्षेला बसणाऱ्या बऱ्याच जणी काही नवख्या नसतात. वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेल्या, रात्रपाळ्या सांभाळून अभ्यास करणाऱ्या नर्स असतात त्या. जाडजूड रिव्ह्यू बुक तीनदा वाचून होतं, पानापानावर पिवळा हायलायटर फिरतो. मग सराव परीक्षेत दोन पर्यायांपाशी गाडी अडते. ‘अरे, हे तर वाचलं होतं! पान डोळ्यांसमोर आहे, उत्तर तेवढं दिसत नाहीये.’

यात बुद्धीचा दोष नाही. एखादी गोष्ट समोर आल्यावर ओळखणं वेगळं आणि समोर काही नसताना ती आठवणं वेगळं. तिसऱ्या वाचनाला डोळे ओळींवरून सरसर जातात, आणि मेंदू त्या सहजपणालाच ‘येतंय’ समजून बसतो.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग इथे मुळातून सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. आणखी काही उतारे मात्र एकदाच वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहून काढलं. त्यांनी लिहिलेलं चूक की बरोबर, हे कुणी सांगितलंही नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं सरस ठरलं: सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. गंमत म्हणजे, आठवड्यानंतर काय लक्षात राहील असं विचारलं की माणसं वारंवार वाचण्यालाच कौल देतात. आठवायला बसलं की अडखळायला होतं, आणि अडखळणं कुणालाच आवडत नाही. खरा अभ्यास मात्र त्या अडखळण्यातच होत असतो.

आता हृदयाच्या मर्मरचं, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये ऐकू येणाऱ्या जादा आवाजाचं बघा, या परीक्षेतला हमखास घाम फोडणारा भाग. सोमवारी एओर्टिक स्टेनोसिस (महाधमनीची झडप अरुंद होणं) वाचलं: सिस्टोलमध्ये, म्हणजे हृदय आकुंचन पावताना ऐकू येतो, छातीच्या उजव्या बाजूला दुसऱ्या फासळीखाली, आवाज मानेकडे जातो. मंगळवारी मायट्रल रिगर्जिटेशन (मायट्रल झडपेतून रक्त मागे गळणं): हाही सिस्टोलमध्येच, पण हृदयाच्या टोकाशी, आणि काखेकडे जाणारा. दोन्ही दिवशी सगळं चोख आलं. येणारच! धड्याच्या मथळ्यावर उत्तर छापलेलंच होतं. परीक्षेत मथळा नसतो. तिथे दम लागलेला एक म्हातारा माणूस असतो आणि एक आवाज असतो. आधी ठरवावं लागतं की हा नेमका कोणता. ही निवड करण्याचा सराव सोमवारीही झाला नाही आणि मंगळवारीही नाही. चारपाच मर्मर एकत्र पिसून, पत्त्यांसारखे एकेक उचलून ओळखले, तरच तो होतो. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना ईसीजी वाचायला शिकवतानाही हेच दिसलं आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिसळून सराव केलेल्यांची निदानं एकेक प्रकार घोटलेल्यांपेक्षा जास्त अचूक निघाली.

अनुभवी नर्सची आणखी एक अडचण होते, आणि ती चक्क अनुभवामुळेच. समजा, प्रश्न असा आहे: रक्तदाबासाठी तीन आठवड्यांपूर्वी लिसिनोप्रिल सुरू केलेल्या बाईंना कोरडा खोकला लागलाय. ताप नाही, छाती स्वच्छ. पुढे काय? वॉर्डातला हात आपसूक डॉक्टरांना फोन लावायला जातो. इथे निर्णय घेणारी व्यक्ती आपणच असतो. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हाच या भूमिकेचा गाभा आहे. लिसिनोप्रिलने जे एन्झाइम अडतं, तेच ब्रॅडीकायनिन नावाचं द्रव्यही मोडत असतं. ते मोडलं नाही की श्वासनलिकेत चाळवाचाळव होते आणि खोकला लागतो. म्हणून खोकल्याचं औषध नको, अँटिबायोटिक तर नकोच. लिसिनोप्रिल थांबवून लोसार्टनसारख्या दुसऱ्या गटातल्या औषधाकडे वळायचं. हे कारण एकदा स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, की ‘खोकला’ हा शब्द वेगळं पाठांतर मागत नाही.

उजळणी किती दिवसांनी करायची? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला विसर झपाट्याने पडतो, मग मंदावतो. त्यानंतरच्या असंख्य प्रयोगांतून एक ठोकताळा हाती आला आहे: जितकं लांबवर लक्षात ठेवायचं, तितकं दोन उजळण्यांतलं अंतरही वाढवायचं. थोडं विसरायला झालेलं असतानाच आठवायला बसलेलं चांगलं. रात्रपाळीवाल्यांचे हाल इथे जास्त होतात, कारण वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते आणि त्यांना नेमकी तीच मिळत नाही. अशा दिवशी चौथा तास वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून पडावं, असं माझं मत.

‘पहिलं उत्तर बदलू नको’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो बहुधा चुकीचा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली गेली. निम्म्याहून किंचित जास्त बदल चुकीकडून बरोबरकडे गेले होते. बरोबर उत्तर बदलून चुकीचं केलेले बदल जेमतेम पाव होते. पण बरोबर उत्तर स्वतःच्या हाताने खोडल्याचं दुःख विसरत नाही, म्हणून त्याचीच गोष्ट पुढे सांगितली जाते.

आणि एक. त्या १५० प्रश्नांपैकी १५ नुसते पारखायला घातलेले असतात. त्यांचे गुण धरतच नाहीत. ते कोणते, हे सांगत नाहीत. जन्मात न ऐकलेलं काही पडद्यावर आलं आणि ७२ सेकंद संपत आले, तर तो त्यातलाच एक समजावा, बरा वाटेल तो पर्याय टिपावा आणि पुढच्या पेशंटकडे वळावं.