बिल्डला इंटरनेट दिसू नये म्हणून

राउटर, मोटारीचा डॅशबोर्ड किंवा कारखान्यातला नियंत्रक यांत चालणारे लिनक्स बहुधा योक्टो किंवा बिल्डरूट यांसारख्या बिल्ड प्रणालीतून, म्हणजे सोर्सकोडपासून चालण्याजोगे सॉफ्टवेअर बांधणाऱ्या यंत्रणेतून, तयार होते. कर्नलपासून लहानशा लायब्ररीपर्यंत बहुतेक सगळे सोर्सकोडपासून बांधायचे आणि आजची इमेज (उपकरणात भरायची तयार सॉफ्टवेअर-फाइल) दहा वर्षांनी, मूळ सर्व्हर बंद पडले तरी, पुन्हा बांधता यायला हवी, अशी या प्रणालींकडून अपेक्षा असते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कार्गो आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा एनपीएम या पॅकेजे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे, आणून देणाऱ्या साधनांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. इंटरनेट हाताशी आहे असे गृहीत धरून, बिल्ड चालू असतानाच हवे ते पॅकेज ते उतरवून घेतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले, तेव्हा त्यावर विसंबलेले बिल्ड ठिकठिकाणी अडले.

योक्टोच्या ४.० या आवृत्तीपासून (२०२२) सोर्स उतरवण्याचा टप्पा वगळता इतर टप्प्यांचा नेटवर्कशी संबंध मुळातच तोडलेला असतो. मग कार्गोला लागणारी पॅकेजे आधी कशी कळणार? त्याचे उत्तर लॉकफाइलमध्ये, म्हणजे कार्गोने नक्की केलेल्या पॅकेजांच्या यादीत, आहे. प्रोग्रामर ‘आवृत्ती १.२ हवी’ असे लिहितो, तेव्हा कार्गो त्याचा अर्थ १.२ किंवा पुढची, पण २.० च्या आतली, असा घेतो. लॉकफाइलमध्ये मात्र १.२.७ अशी नेमकी आवृत्ती आणि शेजारी ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) असतो, त्यामुळे उतरवलेल्या फाइलमधला एक बाइट बदलला तरी ते लगेच उघड होते. ही यादी वाचून योक्टो प्रत्येक पॅकेजचा पत्ता रेसिपीत (सॉफ्टवेअर कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नोंदवते. बिल्डरूट मात्र सोर्स उतरवतानाच सगळी पॅकेजे त्यासोबत एका गठ्ठ्यात बांधते आणि चेकसम त्या अख्ख्या गठ्ठ्याचा घेते. मला योक्टोची रीत अधिक पटते, कारण यादी लांबलचक झाली तरी आत काय आहे ते वाचता येते.

प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र रेसिपी लिहावी, हा सी भाषेच्या काळातला शिरस्ता इथे चालत नाही. रस्टच्या मध्यम आकाराच्या प्रोग्राममागेही शंभराहून अधिक पॅकेजे सहज असू शकतात, आणि एकाच प्रोग्राममध्ये एकाच पॅकेजच्या परस्परांशी न जुळणाऱ्या दोन आवृत्त्या सुखाने नांदतात.

खरी डोकेदुखी उत्पादन बाजारात गेल्यावर सुरू होते. सीमधल्या सामाईक लायब्ररीत सुरक्षेचे छिद्र सापडले, तर बहुतेक वेळा ती एक फाइल बदलून भागते. रस्ट आणि गो या भाषांत लायब्ररीचा कोड सहसा प्रत्येक प्रोग्रामच्या पोटातच जातो. म्हणून तेच पॅकेज वापरणाऱ्या पाच प्रोग्रामांच्या पाच लॉकफाइल दुरुस्त करून पाचही पुन्हा बांधावे लागतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या मूळ लेखकाने लॉकफाइल अजून सुधारली नसेल, तर ती दुरुस्ती (पॅच) आपणच सांभाळत बसावे लागते.