स्पॅनिएलचं पिल्लू घरी नेण्याआधी

आम्ही दोघं नवरा-बायको. कॉकर आणि स्प्रिंगर स्पॅनिएल जातीचे कुत्रे पाळायचे, त्यांना शिकवायचं आणि मोजकी वेतं घ्यायची, हा आमचा छंद. त्यामुळे आमच्याकडे पिल्लू कायम तयार नसतं, थांबावं लागतं. मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय आम्ही तिचं वेत घेत नाही आणि एका वेतानंतर तिला पुरती विश्रांती देतो.

जोडी लावण्याआधी नर-मादी दोघांच्याही तपासण्या होतात. कॉकरमध्ये पीआरए नावाचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रं आंधळं होतं. आई-बाप दोघं ठणठणीत दिसत असले, तरी दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. डीएनए तपासणीत हे आधीच कळतं. आमचे रिपोर्ट मागून घ्या. दुसरीकडून पिल्लू घेणार असाल तर तिथेही मागा, संकोच करू नका.

मादी साधारण ६३ दिवसांनी विते. त्या रात्री आम्ही आळीपाळीने जागतो. पुढे रोज दोनदा प्रत्येक पिल्लाचं वजन घेतो, कारण पिल्लू मागे पडतंय हे डोळ्यांआधी काट्यावर दिसतं. दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही त्यांना मिक्सरचा आवाज, उघडणारी छत्री, ओलं गवत, अनोळखी हात या सगळ्याची ओळख करून देतो. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडत नाही.

कोणतं पिल्लू कुणाला, हे आम्ही सुचवतो. रंगावरून निवडू नका, ही कळकळीची विनंती. वेतातलं सगळ्यात चपळ पिल्लू शांत घरात कोमेजतं, मग ते कितीही सोनेरी असो.

कॉकर आणि स्प्रिंगर एकेकाळी एकाच वेतातून निघत. लहान चणीचा तो कॉकर, मोठा तो स्प्रिंगर. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने त्यांना वेगळ्या जाती मानलं ते १८९० च्या दशकापासून. दोघांचं काम एकच होतं: झुडपांत शिरून, वास घेत, शिकाऱ्यापुढे पक्षी उठवायचा. ते नाक आजही तसंच आहे. आमची पहिली मादी घरभर उच्छाद मांडायची, म्हणून आम्ही तिला रोज लांबवर पळवायचो. ती दमेना, उलट अधिकच तयार होत गेली. मग एक चेंडू गवतात लपवून तिला शोधायला लावला. वीस मिनिटांत ती येऊन पायाशी झोपली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पिल्लाला आधी शोधायला शिकवतो. वाढत्या वयात सांध्यांवर ताण नको, म्हणून पहिलं वर्षभर लांब पळवणं आणि उड्या मारायला लावणं टाळा.

पिल्लू तुमची चप्पल तोंडात घेऊन येईल. त्याच्या मागे धावू नका, ओरडूही नका. खाली बसा, त्याला जवळ येऊ द्या, छाती खाजवा आणि मग वस्तू हातात घ्या. आणून देणं त्याच्या रक्तात आहे. हिसकावलं, की ते वस्तू लपवायला किंवा गिळायला शिकतं. नंतर ही सवय मोडणं फार जड जातं.

कान लोंबते असल्याने आत ओल टिकते आणि संसर्ग होतो. आंघोळीनंतर कान कोरडे करा, कानाखालचे केस आखूड ठेवा, खाण्याचं भांडं खोल आणि अरुंद तोंडाचं घ्या. वास येऊ लागला किंवा कुत्रं सारखं डोकं झटकू लागलं, तर घरचे थेंब न घालता व्हेटकडे न्या.

काही कारणाने कुत्रं सांभाळणं अशक्य झालं, तर ते कुठल्याही वयात आमच्याकडेच परत आणा.

पिल्लासोबत लसीची आणि जंतांच्या औषधाची नोंद, आईच्या अंथरुणातला एक टॉवेल आणि एक शिट्टी देतो. चौथ्या आठवड्यापासून प्रत्येक जेवणाआधी आम्ही तीच वाजवलेली असते: तीन छोट्या फुंका. तुम्हीही रोज जेवणाआधी तशीच वाजवा. हरवली तर बाजारातून भलतीच आणू नका, आम्हाला कळवा. त्याच स्वराची दुसरी पाठवू.