ग्रहणाचा नाही, जनुकाचा फेर

परवा बडोद्यात, दांडिया बाजारात बारशाला गेले होते. बाळाचं कपाळ पुढे आलेलं, नाकाचा दांडा बसका, हातपाय आखूड. पाळण्यामागून कुजबुज आलीच, "ग्रहणात विळीवर बसली असेल." आई मान खाली घालून दुपट्याची कड सारखी करत राहिली. जीव तुटला माझा.

ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही. डॉक्टरांनी निदान केलंय: अकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे उंची खुंटवणारा हाडांचा जन्मजात विकार. एफजीएफआर-३ या जनुकातल्या बदलामुळे हाडांची लांबी कमी वाढते. हे १९९४ मध्येच उलगडलं. अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचेच असतात. बदल नव्याने घडतो, आणि तोही बहुतेकदा वडिलांच्या शुक्रपेशीत! बुद्धी सहसा इतर मुलांसारखीच असते. डोक्याचा घेर, श्वास, कणा मात्र नियमित तपासून घ्यावा.