दादाभाई पहिले नव्हेत!

दादाभाई नौरोजी हे ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय, हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत वर्षानुवर्षं छापलं जातंय. ते अर्धंच खरं आहे.

मेरठजवळच्या सरधना संस्थानची राज्यकर्ती बेगम समरू, तिचा वारस डेव्हिड डाईस सोम्ब्रे 1841 मध्येच इंग्लंडमधल्या सडबरी मतदारसंघातून निवडून आला होता. मिश्र वंशाचा, अमाप पैसेवाला. पण मतं विकत घेतल्याचं सिद्ध झालं आणि 1842 मध्ये निवडणूकच रद्द झाली. वंश मिश्र म्हणून त्याला मोजायचं नाही, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही.

दादाभाईंची गोष्ट मात्र वेगळीच. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातली प्राध्यापकी सोडून 1855 मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू-दारूचा धंदा मनाला पटेना म्हणून बाहेर पडले आणि 1859 मध्ये कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. 1886 ला लंडनमधल्या होलबर्न मतदारसंघात हरले. 1892 ला लंडनच्याच सेंट्रल फिन्सबरीत जिंकले, तेही अवघ्या पाच मतांनी! फेरमोजणीत तीनच उरली. नौरोजी उच्चारता न येणारे त्यांना ‘नॅरो मेजॉरिटी’ (निसटतं बहुमत) म्हणू लागले. शपथ त्यांनी बायबलवर नव्हे, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथावर घेतली.