इंजिन उघडण्याआधी
(घरी जुनी गाडी किंवा छोटं इंजिन दुरुस्त करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या वर्कशॉपमध्ये सिलिंडरचं बोअरिंग (आतलं भोक मोठं कापणं) आणि होनिंग (ते घासून नेमक्या मापाला आणणं), हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं), व्हॉल्व्ह सीट कापणं आणि कार्बोरेटरची साफसफाई ही कामं होतात. ती घेऊन येणारे बरेच जण धंद्याने मेकॅनिक नसतात. कुणाला घरातली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असते, कुणाला बंद पडलेला पाण्याचा पंप किंवा गवत कापायचं मशीन सुरू करायचं असतं. हौसेने, सवडीने, स्वतःच्या हातांनी. या लोकांबरोबर काम करायला आम्हाला मनापासून आवडतं, आणि हे माहितीपत्रक त्यांच्यासाठीच आहे.

ते लिहायचं कारण एकच. आमच्या टेबलावर येणारं इंजिन पुष्कळदा पूर्ण सुटं होऊन खोक्यात भरून येतं, आणि मूळ दोष मात्र एखाद्या बुजलेल्या जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) किंवा काजळलेल्या पॉइंटमध्ये (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांत) असतो. एकदा सुटं केलेलं इंजिन काय करत होतं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी तपासा, लिहून ठेवा, मगच पाना लावा.

वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन

अशा इंजिनाला लगेच स्टार्टर मारू नका. सिलिंडरवरचं तेल केव्हाच निथळून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजून धरलेल्या असू शकतात. स्टार्टरच्या झटक्याने रिंग तुटली तर बोअरवर ओरखडा पडतो, आणि मग बोअरिंगशिवाय इलाज राहत नाही.

आधी बॅटरीची अर्थची (बॉडीला जोडलेली) तार काढा. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते, पण १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, तेव्हा रंगावर न जाता तार कुठे जाते ते पाहा. प्लगभोवतीची धूळ फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर प्लग निघताच ती आत पडेल. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये लहान चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा. घाई इथे खरोखर नडते.

त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने सावकाश फिरवा. दोन पूर्ण फेरे द्या. चार स्ट्रोकचं चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतं, त्यामुळे दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मध्येच टणकन अडलं तर जोर लावू नका. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) चिकटून उघडा राहिला असेल तर पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा.

हाताने मोकळं फिरलं, की जुनं तेल बदला, प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) जोडणी काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. प्लगच्या भोकांतून तेल उडतं, त्यावर फडकं टाका आणि तोंड बाजूला ठेवा.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचं ऑक्सिडेशन होऊन डिंकासारखा थर बसतो. व्हार्निशसारखा वास आला तर ओळखा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी पेट्रोल घेते ती तळाकडूनच. जुन्या रबराच्या नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात किंवा भेगाळतात. म्हणून इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी बदला. वरून चांगली दिसणारीसुद्धा. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल गळलं तर आग लागायला वेळ लागत नाही.

आधी दाब, मग ठिणगी, मग पेट्रोल

इंजिन सुरू होत नसेल किंवा नीट चालत नसेल तर हाच क्रम धरा. दाब म्हणजे सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन; तो नसेल तर कार्बोरेटरवर घालवलेला वेळ फुकट जातो.

दाब मोजायचा तर इंजिन शक्यतो गरम हवं, सगळे प्लग काढलेले, कॉइल निकामी केलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांत फरक किती, हे जास्त महत्त्वाचं. समजा चार सिलिंडरांत १०, १०, ६ आणि १० बार मिळाले. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. दाब ९ च्या आसपास चढला तर तेलाने रिंगांची फट बुजवली, म्हणजे दोष रिंगा किंवा बोअरमध्ये. सहावरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल तर त्या दोघांमधलं गॅस्केट जळलं असण्याची शक्यता मोठी.

पण व्हॉल्व्हकडे बोट गेलं म्हणून लगेच हेड काढू नका. आधी टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा भाग यांच्यातली मोकळी जागा) पाहा. फट उरलेली नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. एक ग्राहक हेड घेऊन आले होते, व्हॉल्व्ह ग्राइंड करायचे म्हणून. सीट स्वच्छ, व्हॉल्व्ह सरळ. विचारल्यावर कळलं की टॅपेट त्यांनी कधी मोजलेच नव्हते. हेड तसंच परत बसवून फट मॅन्युअलप्रमाणे ठेवली आणि दाब आला. नवीन गॅस्केट आणि दोन दिवस मात्र गेले. टॅपेट सैल असतील तर आवाज येतो आणि आपण ते कसतो. घट्ट असतील तर आवाज येत नाही, व्हॉल्व्ह मुकाट्याने जळतो. म्हणून आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. फट इंजिन थंड असताना मोजायची की गरम, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते पाळा.

ठिणगी पाहताना प्लग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. जुन्या गाडीतली बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर ही रचना चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास आणली आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन येईपर्यंत अनेक दशकं तीच चालली. तिचं सौंदर्य हे, की ती डोळ्यांनी तपासता येते. उभ्या गाडीत पॉइंटवर राखाडी थर चढतो आणि करंट अडतो. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, मग स्वच्छ कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढून कण काढा. फट पुष्कळ जुन्या गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, त्यामुळे आधी फट, मग टायमिंग. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलून पाहा.

छोट्या इंजिनांत बॅटरी नसते. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलजवळून जातं आणि ठिणगी तयार होते. चुंबक आणि कॉइल यांच्यातली फट बहुधा ०.२५ ते ०.३ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. गंजाने ही फट बुजते, तेव्हा दोन्ही पृष्ठभाग घासून साफ करा. गवत कापायच्या मशीनचं पातं दगडावर आपटलं, इंजिन थांबलं आणि त्यानंतर सुरूच होत नाही किंवा दोरी उलट झटका देते, असं असेल तर आधी फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकवर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा) पाहा. अनेक इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची असते. आघात झाला की ती कापली जाते, फ्लायव्हील थोडं सरकतं आणि टायमिंग चुकतं. तिच्या जागी कडक स्टीलचा तुकडा ठोकू नका. पुढच्या आघाताला मग क्रँक बळी पडतो.

कार्बोरेटर

सर्वांत जास्त नुकसान आम्ही इथे पाहतो, आणि तेही सफाईच्या नावाखाली. जेट पितळेचे असतात, पितळ मऊ. स्टीलची तार घातली की भोक मोठं होतं. एक मिमीच्या जेटचं भोक ०.०५ मिमीने वाढलं तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. डोळ्यांना काही दिसत नाही, इंजिन मात्र काळा धूर सोडायला लागतं आणि दोष शोधण्यात दिवसच्या दिवस जातात. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवा, हवेच्या दाबाने फुंका आणि उजेडासमोर धरून भोक पूर्ण गोल दिसतं का पाहा.

मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहा. शेवटी कसू नका, सुईच्या टोकावर खाच पडते. फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. पितळी फ्लोटचं भोक सापडत नसेल तर तो गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतात. ज्योत जवळ नको. रबराचे डायफ्रॅम आणि ओ-रिंगा क्लीनरमध्ये टाकू नका.

टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचं प्रमाण उत्पादकाने सांगितलेलंच ठेवा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली.

बोल्ट आणि हेड

गंजलेल्या बोल्टला गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. मग काढण्याआधी तो किंचित घट्ट करून पाहा, गंजाची पकड बहुधा तिथेच सुटते. हेडचे बोल्ट सोडवताना बाहेरून आत, कसताना मधून बाहेर, तेही टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने. मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तोच. अॅल्युमिनियमचं हेड गरम असताना उघडलं तर वाकतं. चिकटलेलं हेड निघत नसेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका, त्या ओरखड्यातूनच पुढे गॅस गळतो.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ पद्धतीचे आटे भेटतात. त्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे जातो आणि मग घट्ट होतो. तिथेच थांबा, नाहीतर आटे जातील. बोल्ट तुटलाच तर स्वतः ड्रिल मारायच्या आधी आम्हाला फोन करा. ड्रिल कडक बोल्टावरून सरकून मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसतं, आणि तुटका बोल्ट काढण्यापेक्षा ते भोक दुरुस्त करणं कितीतरी अवघड असतं.

जिथे आम्ही तडजोड मान्य करत नाही

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दार थोडं उघडं ठेवणं पुरेसं नसतं, गाडी बाहेर काढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नका. पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावा आणि चाकांना उटी लावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उभ्या गाडीतलं पूर्ण बदला. ब्रेकचं काम पहिल्यांदा करत असाल तर गाडी रस्त्यावर नेण्याआधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

आमच्याकडे काम पाठवताना

बोअरिंगसाठी सिलिंडर पाठवताना नवा पिस्टन सोबत हवाच. आम्ही तो मोजतो आणि त्याच्या मापाने बोअर कापतो. एकाच ओव्हरसाइजच्या (मूळ मापापेक्षा मोठ्या) दोन पिस्टनांतही बारीक फरक असतो, त्यामुळे नुसत्या खोक्यावरच्या आकड्यावर आम्ही काम करत नाही.

मेन बेअरिंगच्या कॅपवर काढण्याआधीच नंबर आणि दिशा टाका. त्या त्यांच्याच जागी एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल किंवा उलटसुलट चालत नाही. व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचा. पेट्रोल आणि तेल पूर्ण काढा. मशीन केलेल्या पृष्ठभागांवर तेलाचा हात फिरवून ते कागदात गुंडाळा, दोन धातू एकमेकांना घासू देऊ नका.

सोबत एक कागद ठेवा. इंजिन शेवटचं केव्हा चाललं, धूर कोणत्या रंगाचा होता, दाब किती मिळाला, तुम्ही काय काय बदललं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा म्हणजे बहुधा कूलंट आत जातंय. एवढ्या दोन ओळींनी आमचा अर्धा दिवस वाचतो.

आणि जुने भाग फेकू नका. फाटलं असलं तरी जुनं गॅस्केट पाठवा, गॅस कुठून गळत होता हे त्यावरच्या काळ्या पट्ट्यावरून दिसतं. प्लग सिलिंडरच्या नंबरासह पाठवा. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडू नका, ती आम्हाला आधी पाहायची असते.