केंद्रकातली प्रथिने किती दिवस जगतात?

अन्नातली प्रथिने इंधनासारखी खर्च होतात आणि शरीराची बांधणी मात्र एकदा झाली की टिकून राहते, असा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समज होता. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोएनहायमर यांनी तो मोडला. १९३९ मध्ये त्यांनी, सारा रॅटनर आणि डेव्हिड रिटनबर्ग यांच्यासह, नायट्रोजन-१५ची (नायट्रोजनच्या जड रूपाची) खूण असलेले ल्युसीन, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्यांपैकी एक अमिनो आम्ल, पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातले. त्यातला निम्म्याहून अधिक नायट्रोजन उंदरांच्या प्रथिनांत जाऊन बसला. जुने मोडत होते, नवे घडत होते.

पुढे किरणोत्सारी कार्बन-१४ हाताशी आला आणि प्रश्न कर्करोगाकडे वळला. गाठीतल्या पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली मोठी, गडद, बेढब दिसतात. मग आतल्या प्रथिनांची उलाढालही वेगळी असेल का? अमेरिकी संशोधक हॅरिस बुश यांनी १९५८ मध्ये गाठी असलेल्या उंदरांना किरणोत्सारी लायसिन (आणखी एक अमिनो आम्ल) देऊन ते हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने, आणि केंद्रकातल्या इतर प्रथिनांत किती शिरते हे पाहिले.

अशा मोजणीत एक मेख आहे, आणि माझ्या मते या विषयातला बराच गोंधळ तिथूनच आला. खूण शिरली म्हणजे जुने प्रथिन मोडले असे होत नाही. पेशी विभागण्याआधी डीएनए दुप्पट होतो, तेव्हा हिस्टोनही तितकेच नवे लागतात. ही वाढ झाली, झीज-भरपाई नव्हे. आतड्याचे निरोगी अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, यकृताच्या पेशी क्वचितच विभागतात. गाठीची तुलना यापैकी कोणाशी करायची, यावर उत्तर बदलते. १९५५ मध्ये फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो आणि सहकाऱ्यांनी वाढत्या जिवाणूंत प्रथिने जवळजवळ मोडतच नाहीत असे दाखवून शोएनहायमर यांच्या निष्कर्षावरच शंका घेतली होती.

मोडतोडीचे यंत्र सापडले ते आडवाटेने. ह्यूस्टनमध्ये बुश यांच्याच प्रयोगशाळेत आयरा गोल्डनॉफ यांना केंद्रकात एक विचित्र प्रथिन मिळाले : हिस्टोनला बाजूने दुसरी साखळी चिकटलेली. १९७७ मध्ये ही साखळी म्हणजे युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन असल्याचे कळले. पण तिचे काम काय? हैफाचे अवराम हर्श्को आणि आरोन चिएहानोव्हर, फिलाडेल्फियाचे अर्विन रोझ यांनी १९८०च्या सुमारास उलगडले, की युबिक्विटिन चिकटवणे म्हणजे ‘हे मोडायचे’ अशी चिठ्ठी लावणे. २००४ चे नोबेल त्यांना मिळाले. गंमत अशी, की हिस्टोनवरची ती एकेरी चिठ्ठी सहसा मोडण्यासाठी नसते. ती जनुकांच्या नियंत्रणात काम करते.

त्यानंतर एकंदर वेगापेक्षा एकेका प्रथिनाकडे लक्ष गेले. न विभागणाऱ्या मेंदूपेशींत हिस्टोन महिनोन् महिने टिकतात. त्याच केंद्रकात राहणारे पी-५३, पेशीची वाढ रोखणारे प्रथिन, निरोगी पेशीत साधारण वीस मिनिटांत निम्मे उरते. १९९० मध्ये दिसले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेल्या पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३ला चिठ्ठी लावून आणखी लवकर संपवते. इतर अनेक गाठींत नेमके उलटे घडते : बिघडलेले पी-५३ मोडलेच जात नाही, साचत जाते, आणि रोगनिदानतज्ज्ञांच्या पी-५३ दाखवणाऱ्या रंगाच्या काचपट्टीवर केंद्रके गडद तपकिरी रंगतात.